पाचटाचा धूर जातो कुठे?



गळीत हंगाम भरात आला की संध्याकाळी भवानीनगरहून लासुर्ण्याकडे किंवा माळेगावहून पणदऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला एक देखावा हटकून दिसतो. तोड होऊन टोळी पुढच्या फडात गेलेली असते, वाढे जनावरांसाठी गेलेले असतात, आणि रिकाम्या रानात मालकाने काडी ओढलेली असते. बघता बघता एकराचे पाचट बसते. धुराचा लोट उठतो, काळी पाती वाऱ्यावर तरंगत वस्तीवर येतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, आणि घरातली माणसे त्या मालकाच्या नावाने दोन शब्द बोलून कपडे पुन्हा पिळायला घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर कालव्याच्या कडेने धूर नुसता झोपलेला.

मागे एकदा गट कार्यालयात पाचटावर बोलणे चालले होते. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे आम्ही नेहमीप्रमाणे सांगत होतो आणि सभासद नेहमीप्रमाणे माना हलवीत होते. तेवढ्यात एक वडीलधारे सभासद म्हणाले, "साहेब, पाचट कुजवलं की जमिनीला बरं असतं, हे आता पाठ झालं. पण परवा रेडिओवर सांगत होते, धुरातल्या काजळीनं आभाळ तापतं म्हणून. माझ्या एका एकराच्या धुरानं आभाळ तापतं व्हय? आणि धूर तर उन्हाला आडवा येतो. मग सावली पडंल की! तापायचं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यांपर्यंत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "अंकात सविस्तर लिहितो, काका," असे म्हणून आम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली. नंतर पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले. जे कळले ते आज मांडत आहोत.

काजळी म्हणजे नेमके काय?

कंदील आता घराघरांतून गेला, पण आपल्या पिढीला तो विसरता येणार नाही. वात बेताची असली की काच स्वच्छ राही. वात वर केली की ज्योत लांबट होई, धुरकट होई आणि घटकाभरात काच काळी पडे. ती काळी पूड म्हणजे काजळी. लाकूड, पाचट, रॉकेल, डिझेल, कोळसा, या सगळ्यांत कर्ब असतो. जळताना हवा पुरेशी मिळाली तर त्या कर्बाचा कार्बन डायऑक्साइड वायू होऊन निघून जातो. हवा कमी पडली की थोडा कर्ब अर्धवट राहतो आणि त्याचे बारीक कण बनतात. शास्त्रज्ञ याला 'ब्लॅक कार्बन' म्हणतात. आपण काजळीच म्हणू. गंमत अशी की, ज्योतीचा पिवळा रंग हा त्या तापून चमकणाऱ्या काजळीचाच असतो. वर हवेत जळून गेली तर ठीक, उरली तर धुरात आली.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. अंगणात पडणारी काळी पाती म्हणजे ही काजळी नव्हे. ती अर्धवट जळालेली पाने; जड असतात म्हणून जवळच पडतात. खरी काजळी डोळ्यांना दिसतच नाही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या वीस ते पन्नास भागांएवढा तिचा एकेक मणी असतो. असे पुष्कळ मणी एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घडासारखा पुंजका होतो. तो इतका हलका की वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातो, आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंतही जातो. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बायकांचा खोकला आपण सर्वांनी ऐकलेला आहे.

हे कण मोजतात कसे, हाही प्रश्न येईल. त्याचे यंत्र आहे, नाव एथलोमीटर. अमेरिकेतील बर्कले येथील प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास ते तयार झाले. कल्पना अगदी साधी आहे. एका पांढऱ्या पट्टीतून पंपाने हवा ओढायची. पट्टीवर काजळीचा डाग पडतो. त्या डागातून प्रकाश पाठवायचा आणि किती अडला ते पाहायचे. जेवढा डाग काळा तेवढी हवेत काजळी जास्त. आपल्या कंदिलाच्या काचेचेच सुधारलेले रूप म्हणा ना! पुण्यात पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथे अशा यंत्रावर काजळीच्या नोंदी झालेल्या आहेत, आणि हवामान खात्यानेही देशात ठिकठिकाणी अशी यंत्रे बसविलेली आहेत.

एका एकराच्या पाचटाची सावली

आता काकांच्या प्रश्नाचा पहिला भाग. एका एकराच्या धुराने असे काय होणार?

हिशेब घालून पाहू. उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे एकरी साडेतीन टन धरायला हरकत नाही. शेतातला काडीकचरा जळतो तेव्हा टनामागे साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर काजळी निघते, असे मोजणाऱ्यांचे आकडे आहेत. हाताशी थोडे कमी धरू, टनाला ७०० ग्रॅम. म्हणजे एकराच्या आगीतून सुमारे अडीच किलो काजळी हवेत गेली. अडीच किलो! किराणा दुकानातल्या एका पिशवीत मावेल एवढी. इथपर्यंत काकांचे म्हणणे बरोबर वाटते.

पण काजळीची करामत वजनात नाही, पसरण्यात आहे. ताजी काजळी एक ग्रॅम घेतली आणि हवेत पसरली, तर ती सुमारे साडेसात चौरस मीटर जागेवर पडणारे ऊन गिळू शकते. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ, आणि साडेसात चौरस मीटर म्हणजे एक बऱ्यापैकी खोली. अडीच किलोचे अडीच हजार ग्रॅम, गुणिले साडेसात, म्हणजे जवळजवळ १९ हजार चौरस मीटर. एकराचे साधारण ४ हजार चौरस मीटर धरले तर झाले साडेचार एकरांच्या वर. म्हणजे एका एकराचे पाचट पेटवले की साडेचार एकरांचे काळे कापड फाडून, त्याचे सूत सूत करून आकाशात उडवून दिल्यासारखे होते. ते कापड आठवडाभर वर राहते. पाऊस नसला तर आणखी काही दिवस.

एका सभासदाचे झाले. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, सोमेश्वरनगरपासून थेट इंदापूरपर्यंत, एका हंगामात किती एकर ऊस तुटतो हे आम्ही सांगायला नको. त्यातला किती पेटतो हे ज्याने त्याने आपल्या शिवाराकडे पाहून ठरवावे.

सावली पडते, मग तापते कसे?

काकांचा दुसरा प्रश्न खरा अवघड. धूर उन्हाला आडवा येतो, हे खरे. खाली सावली पडते, हेही खरे. पण अडवलेले ऊन जाते कुठे, इथे सगळी मेख आहे.

उन्हात पांढरे धोतर आणि काळे घोंगडे शेजारी शेजारी वाळत घाला. दोघांच्याही खाली सावली सारखीच. धोतराला हात लावा, गार लागेल; घोंगडे चटका देईल. धोतर ऊन परत फेकते, घोंगडे ऊन पिऊन घेते. हवेतल्या कणांचेही असेच दोन वर्ग आहेत. समुद्राच्या मिठाचे कण, कोळशातल्या गंधकापासून होणारे कण, हे धोतराच्या जातीचे. ते ऊन वरच्या वर परत पाठवतात आणि पृथ्वीला थोडी गार ठेवतात. काजळी घोंगड्याच्या जातीची. ती ऊन गिळते, स्वतः तापते आणि भोवतालच्या हवेला तापवते. म्हणजे खाली जमिनीवर ऊन कमी, आणि वर हजार-दोन हजार मीटरवरची हवा गरम. सोलर कुकरचे भांडे आपण काळे रंगवतो ते याच गुणासाठी.

कार्बन डायऑक्साइडचे काम याच्या उलट्या दिशेने चालते. तो वायू येणाऱ्या उन्हाला सहसा हात लावत नाही. जमीन तापून रात्रंदिवस जी उष्णता वर सोडते ती तो अडवतो, गोधडीसारखी. काजळी येणारे ऊनच मध्ये पकडते. आणखी मोठा फरक आयुष्याचा. वायू शेकडो वर्षे मागे राहतो, काजळी आठ-दहा दिवसांत खाली येते. म्हणून काजळी आज बंद झाली तर तिचा परिणाम पुढच्या पंधरवड्यातच संपतो. वायूच्या बाबतीत हे सुख नाही.

वरची हवा गरम आणि खालची गार झाली की आणखी एक घडते. गरम हवा वर जाते, गार खाली बसते, हा निसर्गाचा नियम. इथे गरम आधीच वर बसलेली, त्यामुळे वर-खाली ढवळणेच मंदावते. खालचा धूर, गाड्यांची धूळ, थंडीतले दव, सगळे जमिनीलगत अडकून राहते. पौष-माघातल्या सकाळी भिगवणच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर किंवा कऱ्हेच्या काठाला करडी चादर दिसते ती निव्वळ धुक्याची नसते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते म्हणून अशी चादर तशीही बसतेच, पण धूर तिला घट्ट करतो. आणि आपला गळिताचा हंगाम नेमका याच दिवसांत. काजळी धुऊन काढणारा एकच धोबी, तो म्हणजे पाऊस, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आपल्या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत त्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी काय पाहिले

हे सगळे कागदावरचे नाही, मोजलेले आहे. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात हिंदी महासागरावर एक फार मोठा शास्त्रीय प्रयोग झाला, 'इंडोएक्स' या नावाने. भारत, अमेरिका, युरोपातील शास्त्रज्ञ त्यात होते. नेतृत्व वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्याकडे होते. विमाने, जहाजे, उपग्रह लावले. मालदीव बेटांवर ठाणे केले. हिवाळ्यात आपल्याकडचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्याबरोबर भारत आणि शेजारच्या देशांचा धूर समुद्रावर जातो. शेकडो मैल स्वच्छ समुद्रावर तपकिरी धुराचा थर पसरलेला त्यांना आढळला. त्या थराखाली समुद्रावर पोहोचणारे ऊन काही भागांत सुमारे दहा टक्क्यांनी घटले होते. आणि घटलेल्या उन्हाचा मोठा भाग आकाशात परत गेलेला नव्हता, तर मधल्या हवेतच मुरला होता. हे काम घोंगड्याचे, धोतराचे नव्हे.

दुसरी मोजणी तर आपल्या पुण्याचीच. पाषाणच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी देशातल्या १२ ठिकाणच्या सूर्यप्रकाशाच्या जुन्या नोंदी काढून २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोहोचणारे ऊन चौरस मीटरला दर वर्षी सुमारे ०.८६ वॅटने घटत गेल्याचे दिसले. आकडा बारीक दिसतो. पण दिवस-रात्र, ढग-पाऊस धरून आपल्याकडे उन्हाची वर्षाची सरासरी चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास असते, आणि २४ वर्षांची घट जमा केली तर २० वॅट होते. म्हणजे ढोबळ मानाने दहाव्या हिश्श्याचा घास. या घटीला काजळी एकटी जबाबदार नाही. गंधकाचे कण, धूळ, ढग यांचाही त्यात हात आहे. तरी ऊस पिकवणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा असा आहे. ऊस हे उन्हावर जगणारे पीक. गहू, भात यांना दुपारचे कडक ऊन सगळे वापरता येत नाही. ऊस ते पचवून साखर करतो. आपण खताच्या गोणीचा भाव पैशापैशाने काढतो, पण उन्हाचे बिल कुणी पाठवत नाही म्हणून त्याचा हिशेब ठेवत नाही!

गव्हाच्या बाबतीत असा हिशेब झालेला आहे. रामनाथन आणि जेनिफर बर्नी यांनी २०१४ साली दाखवले की तापमान-पाऊस यांतले बदल आणि काजळी, ओझोन यांसारखी अल्पजीवी प्रदूषणे नसती तर २०१० साली भारतात गव्हाचे उत्पादन पुष्कळच जास्त आले असते. प्रदूषणाने आणि हवामानाने मिळून ते ३६ टक्क्यांपर्यंत मागे ओढले. हा ओझोन म्हणजे वर आकाशात आपले रक्षण करणारा नव्हे, तर धुराच्या वायूंवर ऊन पडून जमिनीलगत तयार होणारा, पानांना भाजणारा. उसाचा असा स्वतंत्र आकडा आमच्या वाचनात नाही, म्हणून गव्हाचा आकडा उसाला चिकटवायचा मोह आम्ही टाळतो.

काजळीचा एकूण जगावर परिणाम किती, यावर मात्र शास्त्रज्ञांचे आकडे स्थिर नाहीत आणि ते सभासदांपासून लपवण्याचे कारण नाही. २०१३ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून मोठा आढावा घेतला तेव्हा काजळीमुळे पृथ्वीवर चौरस मीटरला सुमारे १.१ वॅट जादा उष्णता साठते असे आले. कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल क्रमांक दोनचा गुन्हेगार, असे तेव्हा छापून आले. पुढे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात हाच आकडा ०.११ वर आला, म्हणजे दहावा हिस्सा. कार्बन डायऑक्साइडचा त्याच अहवालात २.१६ आहे. एवढा फरक का? तर काजळी नुसती ऊन गिळून थांबत नाही. ती हवा तापवते, त्यामुळे काही ढग विरतात, काही ठिकाणी जास्त साचतात, आणि बरीचशी जादा उष्णता पुन्हा वर निसटते. मान्सूनबद्दलही असेच दोन पक्ष आहेत. समुद्र आणि जमीन यांच्यावर ऊन कमी पडले की पाऊस दुबळा होतो असे एकाचे म्हणणे. हिमालयाच्या पायथ्याशी हवा तापली की पाऊस लवकर ओढला जातो असे दुसऱ्याचे. मात्र बर्फावर काजळी बसली की पांढरा बर्फ काळवंडून लवकर वितळतो, याबद्दल वाद नाही. आपल्या पाचटाची काजळी हिमालयात जाऊन बसते असे सांगून घाबरवणारे काही वक्ते भेटतात. त्यांचे भाषण ऐकावे, चहा प्यावा आणि घरी यावे. आपल्या काजळीचा उपद्रव आपल्याच हवेत पुरेसा आहे.

एकट्या पाचटाला दोष का?

हे वाचून काही सभासद म्हणतील, "गाड्या धूर सोडतात, कारखान्याची चिमणी सोडते, गुऱ्हाळं सोडतात, ते दिसत नाही का?" म्हणणे रास्त आहे. आशिया आणि आफ्रिकेत काजळीचा सर्वांत मोठा उगम शेत नसून चूल आहे. लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा जाळणारी घरगुती चूल. २०१३ च्या त्याच आढाव्यात या दोन खंडांतील काजळीचा साठ ते ऐंशी टक्के वाटा घरगुती इंधनाचा धरला आहे. डिझेलच्या इंजिनांचा वाटा जगात सुमारे वीस टक्के. आपल्या उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून चढाला जोर लावताना नळीतून जो काळा धूर निघतो, त्यात काजळीच काजळी असते. फिल्टर आणि नोझल वेळेवर पाहिले तर डिझेलही वाचते. चिमणीच्या धुरातले कण पकडायला पाण्याचे फवारे किंवा विजेवर चालणारी प्रेसिपिटेटर यंत्रे असतात. ती नीट चालतात की नाही हे वार्षिक सभेत विचारण्याचा प्रत्येक भागधारकाला हक्क आहे आणि सभासदांनी तो वापरावा.

पाचटाच्या धुराबद्दल आणखी एक कबुली. ज्वाळा असते तोवर धूर काळा, काजळीचा. ज्वाळा बसून रान धुमसू लागले की धूर पांढुरका येतो. त्यात काजळी थोडी, बाकी तेलकट कर्बाचे कण, जे बरेचसे धोतराच्या जातीचे. त्यामुळे शेतातल्या आगीने जगाचे तापमान निव्वळ किती वाढते, हे डिझेलइतके ठामपणे सांगता येत नाही. पण तो पांढरा धूर छातीला काळ्याइतकाच वाईट, आणि उन्हाला तोही आडवा येतोच.

मग आम्ही पाचटाच्या मागे का लागतो? कारण चुलीवरच्या भाकरीवाचून घर चालत नाही, डिझेलवाचून ऊस काट्यावर येत नाही. पाचटाच्या आगीवाचून मात्र काही अडत नाही. उलट त्या आगीत आपलाच पैसा जळतो. एकरी चार टन पाचट धरले तर त्यात साधारण २० किलो नत्र असते, म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी. ते सगळे धुरात जाते. स्फुरद आणि पालाश राखेत थोडेफार राहतात, पण ती राख वाऱ्यावर आणि पहिल्या पाटपाण्याबरोबर हलते. सर्वांत मोठा तोटा सेंद्रिय कर्बाचा. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला तेव्हापासून आपली जमीन पाणी पिते आहे. किती राने त्यात क्षारपड-चोपण झाली ते सर्वांना ठाऊक आहे. अशा जमिनीला कर्बासारखे औषध नाही, आणि तोच आपण काडीपेटीने आकाशात पाठवतो.

आणि आग कुणाची ओळख ठेवत नाही. आमच्यातल्याच एकाने काही वर्षांपूर्वी संध्याकाळी वारा पडलेला पाहून पाचट पेटवले. रात्री वारा फिरला. बांधापलीकडे चुलतभावाचा आडसाली उभा होता, त्यातला ३० गुंठे जळाला. जळीत ऊस तातडीने गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घसरतात, आणि वजनातून कपात होते ती वेगळीच. टोळी मिळायला दोन दिवस गेले. पैशाची भरपाई करून झाली, पण दोन घरांतले बोलणे पुढे दोन वर्षे बंद होते. लग्नाची पत्रिकासुद्धा चिटबॉयच्या हातून पाठवावी लागली. हे लिहिताना त्यांची परवानगी घेतलेली आहे.

खोडव्यात पाचट ठेवायचे कसे

"पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो, उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही." या तक्रारी खोट्या नाहीत, आम्हीही त्या भोगलेल्या आहेत. पिवळेपणाचे कारण असे. पाचटात नत्राच्या सत्तर-ऐंशी पट कर्ब असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना तो कर्ब खाण्यासाठी नत्र लागते, ते पाचटात पुरेसे नसते, म्हणून ते जमिनीतले ओढून घेतात आणि फुटव्याच्या तोंडचा घास जातो. उपाय सोपा आहे: जिवाणूंना त्यांचे जेवण वेगळे वाढा. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत, ही शिफारस आहे. एकरी चार टनांना ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो जिवाणू झाले. तोड झाल्याबरोबर बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून सरीत दाबावे आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावे. बुडखा उघडा राहिला पाहिजे. पाचटाखाली दबलेला कोंब पांढरा होऊन मरतो आणि मग दोष पाचटावर येतो. नंतर युरिया-सुपर टाकून, शेणखतात मिसळून जिवाणू पसरावेत आणि पाणी द्यावे. पहिले पाणी सावकाश सरकते हे खरे, पण पाचट एकदा बसले की पुढची पाळी उशिरा लागते, तणही कमी होते. रासायनिक खत वरून फेकू नये. पहारीने बुडख्याजवळ भोक घेऊन द्यावे.

मजूर मिळत नाहीत ही अडचण सर्वांत मोठी. त्यासाठी माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने ट्रॅक्टरचे एक यंत्र काढले आहे. बुडखे छाटणे, बगला फोडणे, जारवा तोडणे आणि खत पेरणे ही चारही कामे ते पाचट असलेल्या रानात एकाच फेरीत करते. २००९ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या दारातच आहे. पाहायला जाताना एकट्याने न जाता गावातले पाच-सहा जण मिळून जावे. यंत्र एकट्याने घेण्याजोगे नाही, गटाने घेण्याजोगे आहे. हार्वेस्टरने तोडलेल्या रानात पाचटाचे तुकडे आधीच झालेले असतात, तिथे कुट्टीची गरज नाही. हाताने तोडलेल्या रानात कुट्टी केली तर कुजणे लवकर होते.

हा मजकूर तयार झाल्यावर आम्ही तो काकांना वाचून दाखवला. धोतर-घोंगड्याचे त्यांना पटले. साडेचार एकरांच्या कापडावर त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "हिशेब तुमचा बरोबर असंल, पण खोडवा काट्यावर बघितल्याशिवाय मी काय बोलणार नाही." त्यांनी आपल्या दोन एकरांपैकी एका एकराचे पाचट सरीत दाबले आहे आणि दुसरा एकर नेहमीसारखा पेटवला आहे. जात तीच, पाणी तेच, खत तेच. फक्त पहिल्या एकरात जिवाणूंचे ३२ किलो युरिया आणि ४० किलो सुपर जादा. पुढच्या हंगामात दोन्ही एकरांच्या वजनाच्या पावत्या वेगळ्या ठेवायला गट कार्यालयाला सांगितले आहे. आकडे येतील ते, पाचटाच्या बाजूने असोत वा विरुद्ध, याच अंकात छापू.